त्यांच्या वहीतले अंदमान

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या, ६१ वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका लिहितात, की चौदा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. लग्नाला पस्तीस वर्षे झाली की अंदमानला जायचे, असे दोघांचे ठरले होते. यजमानांनी शंभर पानी वहीत सहा दिवसांचा सगळा बेत लिहून ठेवला होता. कोणत्या दिवशी कोणते बेट, बोटीच्या वेळा, कुठे काय खायचे, एवढेच काय, "हिला बोट लागते, अव्होमिन बरोबर घेणे" हेसुद्धा. यजमान उशिरा उठत, म्हणून बोटीची वेळ सोडली तर त्या बेतात सकाळी नऊच्या आधी काहीही नाही. ती वही घेऊन, त्याच क्रमाने, येत्या जानेवारीत एकटीने जावे असे बाईंच्या मनात आहे. पुण्याचा मुलगा म्हणतो, "एकटी कशाला? मे महिन्यात सगळेच जाऊ." परदेशातील मुलीने महिलांच्या सहलीची माहिती पाठवली आहे. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "भाऊजींना जाऊन दोन वर्षे झाली नाहीत, आणि समुद्रावर फिरायला?" बाई लिहितात : "शाळेच्या सहली मी अनेक वर्षे नेल्या, पण घरचे तिकीट कधी काढले नाही आणि हॉटेलात एकटी कधी राहिले नाही. तिथे रडू कोसळले तर काय, ही भीती आहेच. पण हसू आले तर काय, याची जास्त आहे. परतीचे तिकीट अजून पाहिलेले नाही, गेल्यावर बघू असे वाटते. मी जाऊ का?"

प्रिय ताई,

तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या तीन शब्दांत आहे, पण मी अडखळले ते त्याच्या आधीच्या वाक्यापाशी. परतीचे तिकीट पाहिलेले नाही, असे तुम्ही लिहिता. ज्यांनी घरचे तिकीट कधी स्वतः काढलेले नाही, त्यांना एका वेळी एकाच बाजूचा विचार सुचावा, हे स्वाभाविक आहे आणि बहुधा गोष्ट तेवढीच असेल. तरीही सरळ विचारते, कारण हा प्रश्न आडवळणाने विचारण्यात काही अर्थ नसतो. परत येऊच नये, आपणही त्यांच्या मागे जावे, असा विचार या चौदा महिन्यांत तुमच्या मनात येतो का? असे विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या मनात शिरत नाही. असलेल्या विचाराला मात्र बोलायची वाट मिळते. उत्तर "हो" किंवा "कधीकधी" असे असेल, तर अंदमान थोडे थांबू द्या आणि मुलाला किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच सांगा. ओळखीच्या माणसापाशी हे बोलणे जड जात असेल, तर "टेली-मानस" या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतूनही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. उत्तर "नाही" असेल, तर परतीचे तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा. आग्रह म्हणावा असे या उत्तरात एवढेच आहे. पुढचे सगळे तुमच्या मर्जीवर सोपवते.

माझे मत विचारलेत, तर तुम्ही जावे. मात्र ज्या रीतीने जायचे तुम्ही ठरवले आहे, त्याविषयी थोडे बोलायला हवे, आणि त्यासाठी आधी तुमच्या जाऊबाईंच्या वाक्याकडे जाऊ.

समजा तुम्ही म्हणाला असतात, की जानेवारीत रामेश्वरला जाऊन येते. जाऊबाई काही बोलल्या असत्या असे मला वाटत नाही; कदाचित हातावर दक्षिणेचे पैसे ठेवून "माझ्याही नावाने नमस्कार कर" म्हणाल्या असत्या. वास्तविक रामेश्वर हेही बेटच आहे, तिथेही चहूबाजूंनी समुद्रच आहे आणि प्रवासही काही जवळचा नाही. म्हणजे त्यांचा आक्षेप अंतराला नाही, समुद्राला नाही, किती महिने झाले याला तर मुळीच नाही, कारण वर्षश्राद्धही होऊन गेले आहे. आक्षेप "फिरायला" या शब्दाला आहे. नवरा गेलेल्या बाईने दुःखाने कुठेही जावे, सुखाने कुठे जाऊ नये, असा हा न लिहिलेला नियम आहे. जाऊबाईंना मी दोष देत नाही. त्यांचाही दीर गेला आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले वाक्य त्यांच्या तोंडून आले आहे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे त्याचा आदर्श ठेवला. बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र काढू नये, हे ठरावात लिहिता येते. एखाद्या बाईने वाळूवर बसून शहाळे प्यावे आणि ते गोड लागल्याचे तिला वाईट वाटू नये, हे मात्र कोणत्याही ठरावात लिहिता येत नाही. ते ज्या त्या बाईलाच स्वतःपुरते ठरवावे लागते. आपल्याकडे ते ठरवणाऱ्या बाया झाल्याही आहेत. महर्षी कर्वे यांनी विधवांसाठी काढलेल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी आयुष्य वेचलेल्या पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या होत्या. त्या १९१८ साली, इंग्रजी जेमतेम येत असताना, एकट्या अमेरिकेला गेल्या. त्यांच्यापुढे संस्थेचे काम होते, हे खरे. पण त्यांच्या काळात जे एवढ्या मोठ्या कामाच्या आधारानेच शक्य झाले, ते शंभर वर्षांनंतर तुम्हाला साध्या इच्छेच्या आधाराने करता यावे, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

आता तुमच्या वहीविषयी लिहिते. हे लिहिताना माझा हात थोडा जड होतो आहे, कारण ती वही तुमच्यासाठी काय आहे, याची मला कल्पना आहे.

त्यांच्या अक्षरातला बेत, त्यांनी ठरवलेला क्रम, त्यांनी तुमच्यासाठी लिहिलेली गोळी. ही वही जशीच्या तशी पाळली, तर त्यांची राहिलेली इच्छा पूर्ण होईल, असे तुम्हाला वाटते. तुम्ही स्वतःला विचारून पाहावे असा एक प्रश्न मला पडला आहे. ही सहल "त्यांची राहिलेली इच्छा" म्हटली, की ती रामेश्वरच्या रांगेत जाऊन बसते, जाऊबाईंनाही तिच्यावर बोट ठेवता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तुम्हालाही स्वतःवर बोट ठेवता येत नाही. वही ही तुमची आठवण आहे, यात शंका नाही. पण नकळत ती तुमचा परवानाही झाली आहे का? तसे झाले असेल, तर त्या सहा दिवसांत तुम्ही प्रवासी राहणार नाही. तुम्ही कार्य पार पाडणाऱ्या व्हाल, आणि दर संध्याकाळी वहीतले काय राहिले, याचा हिशेब मांडत बसाल.

त्यातही एक व्यावहारिक अडचण आहे. दोघांसाठी आखलेला बेत एकट्या माणसाला जसाच्या तसा बसत नाही. दोघे असताना बोटीच्या धक्क्यावरचे दोन तास गप्पांत निघतात, एकटीला ते दोन तास असतात. वहीत समुद्राखाली डायव्हिंग लिहिलेले असेल, तर ते कुणाला करायचे होते? त्यांना करायचे असेल आणि तुम्हाला पाण्याची भीती वाटत असेल, तर त्यांच्या वाट्याचे डायव्हिंग त्यांच्या बदली करण्याचे तुमच्यावर काही बंधन नाही. तेव्हा वही जरूर बरोबर न्या, पण पिशवीत ठेवा, हातात नको. त्यातल्या कुठल्याही दोन गोष्टी निवडा, ज्या तुम्हालाही मनापासून हव्या होत्या. त्या करा. बाकीच्या पानांना तसेच राहू द्या. अव्होमिनची ओळ मात्र अक्षरशः पाळा. बोटीच्या तासभर आधी ती गोळी घ्यावी लागते आणि तिने गुंगी येते, म्हणून रक्तदाबाची किंवा इतर औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

"हसू आले तर काय?" या वाक्यासाठी मला तुमचे आभार मानायचे आहेत, कारण अशा पत्रांत रडण्याची भीती पुष्कळ जण लिहितात, हसण्याची क्वचितच कुणी कबूल करतात. शोकाच्या पाच पायऱ्या असतात आणि माणूस त्या एकामागून एक चढत जातो, असे तुम्हीही कुठेतरी वाचले असेल. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मुळात स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हते. पुढे १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन अभ्यासकांनी मांडलेले चित्र मला अधिक खरे वाटते. जोडीदार गमावलेला माणूस कधी गमावलेल्याकडे तोंड करून असतो, तर कधी उरलेल्या आयुष्यातल्या कामांकडे, नव्या सवयींकडे. ही ये-जा एकाच दिवसात अनेकदा होते आणि तीच निरोगी असते, असे त्यांचे म्हणणे आहे. सकाळी पाण्यातला रंगीत मासा पाहून तुम्ही हसाल आणि दुपारी जेवताना समोरची रिकामी खुर्ची पाहून रडाल, तर काहीही बिघडलेले नाही. हसल्याने त्यांची आठवण पुसली जाणार नाही. चौदा महिन्यांत घरात नातवाच्या एखाद्या बोलण्यावर तुम्ही एकदाही हसला नाहीत का? तेव्हा जे झाले, तेच तिथेही होईल.

मुलांच्या सूचनांना मी हलके लेखत नाही. मुलगा "सगळे जाऊ" म्हणतो, त्यात प्रेम आहे, पण मे महिना चुकला आहे. दर वर्षी मे महिन्यात "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण वाचतो आणि आपल्याकडे पाऊस केव्हा येणार, याचे दिवस मोजतो; पण तिथे त्याच दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि बोटी रद्द होऊ लागतात. डिसेंबर ते एप्रिल हा तिथे जाण्याचा चांगला काळ, आणि तुमचा जानेवारी त्यात नेमका बसतो. शिवाय सगळे मिळून गेल्यावर तुम्ही पुन्हा आजी व्हाल, म्हणजे नातवंडांच्या टोप्या आणि सर्वांच्या खाण्यापिण्याच्या वेळा सांभाळाल. तीही सहल एकदा अवश्य करा. ती वेगळी आहे, एवढेच मुलाला सांगा.

मुलीने सुचवलेला पर्याय अधिक विचारात घेण्यासारखा आहे. महिलांच्या सहलीत तिकिटांची चिंता नसते, संध्याकाळी सोबत असते, आणि बरोबरीच्या वयाची, तुमच्यासारखीच एकटी झालेली एखादी मैत्रीण भेटण्याची शक्यता बरीच असते. पण तिथे अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यावी लागते, पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवस दुसऱ्याच्या हातात असतो आणि गटात एकटे बसलेल्या माणसाला कुणी ना कुणी खेळात ओढतेच. तुम्हाला गप्प बसायची किती गरज आहे, यावर हा निर्णय अवलंबून आहे. मला सुचणारा मधला मार्ग असा : सहलीबरोबर जा, पण सहल संपल्यावर तिच्याबरोबर परत न येता दोन-तीन रात्री एकटीने राहा. तिकीट काढण्यापूर्वीच आयोजकांना तसे सांगितले, तर परतीचे विमान वेगळ्या तारखेचे घेता येते. यात मुलांचा जीव भांड्यात पडेल आणि तुमचे दोन-तीन दिवस तुमचेच राहतील.

पूर्णपणे एकटीनेच जायचे ठरवलेत, तरी मला फार काळजी वाटणार नाही. चाळीस मुलांना ओळीत उभे करून मोजून नेणाऱ्या आणि तितकीच मोजून परत आणणाऱ्या बाईला एका माणसाची सहल जमणार नाही, हे मी मान्य करत नाही. तुमच्याकडे कौशल्य आहे. राहिली आहे ती कागदपत्रांची आणि मोबाइलची तयारी. सर्वांत आधी तिकडे लक्ष द्या, आणि हे मी तुमच्यासारख्या सर्वच वाचक भगिनींना कळकळीने सांगते. तुमच्या मोबाइलचे सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? बँकेत नोंदवलेला क्रमांक कुणाचा आहे? अनेक घरांत पैसे काढायला गेल्यावर कळते, की ओटीपी अजून गेलेल्या माणसाच्या फोनवर जातो आहे, आणि तो फोन कपाटात बंद पडला आहे. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा, खाते आणि क्रमांक स्वतःच्या नावाने करून घ्या, कार्ड स्वतः चालवून पाहा आणि विमानाचे तिकीट मुलाला शेजारी बसवून, पण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने काढा. तिकिटावरचे नाव आधारकार्डावरच्या नावाशी जुळले पाहिजे. छोट्या बेटांवर एटीएम मोजकीच आहेत आणि नेटवर्क दगा देते, म्हणून थोडी रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून जवळ ठेवा.

जाण्यापूर्वी एक छोटा प्रवास करून पाहावा, असेही सुचवते. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कोल्हापूरमार्गे मालवणला जा, दोन रात्री राहा. ही परीक्षा समजू नका. एवढेच पाहायचे, की जेवणाच्या वेळी एकाच ताटाची ऑर्डर देताना कसे वाटते आणि रात्री खोलीचे दार आतून लावल्यावर कसे वाटते. या दोन क्षणांची ओळख घराजवळच झालेली बरी.

आता खुद्द अंदमानविषयी. वहीतली नावे आणि तिकिटावरची नावे जुळली नाहीत, तर गोंधळू नका. २०१८ च्या डिसेंबरपासून हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले आहे, आणि पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात. बोलताना लोक अजून जुनीच नावे वापरतात. बोटींच्या वेळाही वहीतल्या धरू नका, नव्याने विचारा. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक खासगी जलद बोटीने दीड-दोन तासांवर आहे. सरकारी बोट थोडी अधिक वेळ घेते. बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला बसलात तर हेलकावे कमी जाणवतील. हवामान बिघडले की बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहा. त्याच दिवशी बेटावरून निघून विमान गाठण्याचा बेत कधीही करू नका.

कोणत्या बेटावर जास्त राहायचे, यावर मात्र माझे मत ठाम आहे. वहीत हॅवलॉकला जास्त रात्री असतील तर त्या कमी करा आणि नीलला वाढवा. जानेवारीत हॅवलॉकवर नुकतीच लग्ने झालेली जोडपी पुष्कळ असतात. हातावरची मेंदी अजून उतरलेली नसते, आणि राधानगरच्या सुंदर किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळी जिकडे पाहावे तिकडे दोघे-दोघे छायाचित्रे काढत असतात. तो किनारा पाहायलाच हवा असा आहे, पण त्या वेळी तिथे एकटे उभे राहणे किती कठीण जाऊ शकते, हे आधी माहीत असलेले बरे. जमल्यास तिथे सकाळी जा. किनारा तोच असतो आणि गर्दी नसते. नील लहान आहे, बरेचसे सपाट आहे, भाजीची शेते आहेत, आणि पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना वसवताना रामायणातली नावे गावांना मिळाली आहेत : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. घर सोडून आलेल्या माणसांच्या नातवंडांनी चालवलेल्या खाणावळीत भात आणि माशाचे कालवण खाताना तुम्हाला परके वाटणार नाही. हिंदीत सगळीकडे निभते. भरतपूरला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहता येतात, त्यासाठी पोहता यावे लागत नाही. पाण्यात उतरलात तर जीवरक्षक आहेत अशाच ठिकाणी, गुडघाभर पाण्यापर्यंत, आणि मगरींविषयी सूचनेचे फलक असतील तिथे पायही बुडवू नका. डायव्हिंग करावेसे वाटलेच, तर प्रकृतीची माहिती खरी लिहून द्या आणि त्यानंतर किमान अठरा तास विमानात बसू नका. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका. त्याला बंदी आहे. मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे, म्हणून नेहमीची औषधे दोन-चार दिवसांची जास्त जवळ असू द्या.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल तुम्ही पाहालच. मराठी माणूस ते पाहिल्यावाचून येत नाही. आपण सगळे सावरकरांची कोठडी शोधत वर जातो. तुम्ही तिथे उभ्या राहाल, तेव्हा तुम्हाला कदाचित येसूवहिनींचीही आठवण होईल. त्यांचे यजमान, म्हणजे सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव, त्याच तुरुंगात होते, आणि ते सुटण्यापूर्वीच इकडे वहिनी गेल्या. पुन्हा भेट झाली नाही. तिथे डोळे भरून आले तर आवरू नका. त्या अंगणात रडणाऱ्या माणसाकडे कुणी वळून पाहत नाही.

सर्वांत जास्त तयारी लागेल ती संध्याकाळची. कारण भूगोलात आहे, आणि तुम्ही शिक्षिका आहात म्हणून सांगायला बरे वाटते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखावृत्तावरचे आहे आणि अंदमान त्र्याण्णवच्या जवळपास आहे, त्यामुळे जानेवारीत तिथे साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे तुमच्या गावापेक्षा तासाभराने लवकर. लहान बेटांवर अंधार पडला की फारसे काही करण्यासारखे उरत नाही. सहा वाजल्यापासून झोपेपर्यंतचे तीन-चार तास हाच तुमचा खरा एकटेपणा असेल, आणि घरी बहुधा हीच वेळ तुम्हा दोघांच्या चहाची आणि बातम्यांची असणार. म्हणून किनाऱ्याच्या टोकावरचे निवांत रिसॉर्ट घेऊ नका. बाजाराजवळचे, जिथे जेवायची जागा सगळ्यांची एकच आहे असे राहण्याचे ठिकाण घ्या, आणि जेवायला थोडे लवकर, उजेड-गर्दी असताना जा. पोर्ट ब्लेअरच्या संध्याकाळी जेलमधला प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम बघा. विणकाम करत असाल तर ते न्या, अर्धवट वाचलेले पुस्तक न्या. मुलाशी रोज रात्री आठला फोनवर बोलायचे ठरवा, पण त्याच वेळी हेही ठरवा, की नेटवर्क नसल्याने एखादा फोन चुकला तर सकाळपर्यंत कुणी घाबरायचे नाही. हॉटेलचा क्रमांक त्याच्याकडे असू द्या.

आणखी एका क्षणासाठी तयार राहा. हॉटेलच्या काउंटरवर, बोटीवर, रिक्षात कुणीतरी विचारणार : "सर नहीं आए?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण तो प्रश्न पोटात कळ आणतो. घरीच एक उत्तर मोठ्याने म्हणून ठेवा : "मैं अकेली आई हूँ." याहून अधिक सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. कुणाला सगळे सांगावेसे वाटले, तर सांगा. अनोळखी माणसापाशी नवऱ्याविषयी बोलताना कधीकधी घरच्यांपेक्षा मोकळे वाटते, कारण तो माणूस आपल्यासाठी रडत नाही आणि आपल्याला त्याला सावरावे लागत नाही.

जाऊबाईंना काय सांगायचे, हेही तुम्ही विचारले नाहीत, पण ते तुमच्या मनात असणार. त्यांना जाऊ का, असे विचारू नका. तिकिटे झाल्यावर त्यांच्या घरी जाऊन सांगा, की अमुक तारखेला निघते आहे आणि अमुक तारखेला परत येते आहे. दोन्ही तारखा सांगा. वाद झाला तर ऐकून घ्या, पण यजमानांची इच्छा म्हणून जाते आहे, असे त्यांना बरे वाटावे म्हणून म्हणू नका. मला जावेसे वाटते, एवढेच म्हणा. हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना आवाज कापेल.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. वहीत सकाळी नऊच्या आधी काही नाही, कारण ते उशिरा उठत. तुम्ही मात्र इतकी वर्षे शाळेसाठी पहाटे उठत आला असाल, आणि ती सवय निवृत्तीनंतरही सहसा सुटत नाही. नीलवरचा सीतापूरचा किनारा पूर्वेकडे आहे. तिथला सूर्योदय पाहण्यासाठी लोक अंधार असतानाच रिक्षा सांगून ठेवतात. जानेवारीत साधारण पावणेसहाला सूर्य वर येतो, म्हणजे पाचला उठायला हवे. रिक्षावाल्याला आदल्या संध्याकाळीच सांगा, जवळ टॉर्च ठेवा, आणि हॉटेलात विचारून थर्मासमध्ये चहा भरून घ्या. त्यांच्या वहीत हे नाही. पानाच्या खाली जागा असेल, तर तुमच्या अक्षरात लिहून ठेवा.